हुरड्याच्या दिवसातली कवळी

पौष महिना भाकड, असं आमच्या भागातली जुनी माणसं म्हणतात. लग्न नाही, साखरपुडा नाही, नव्या घरात पाऊल नाही. पण दाताच्या डॉक्टरला विचाराल तर पौषाइतका कामाचा महिना दुसरा नाही. ज्वारीचं कणीस भरलं, दाणा हिरवा टचटचीत झाला, की वडीगोद्रीच्या चारी बाजूंना रानातून धूर निघायला लागतो. मग दोन-चार दिवसांतच माझ्या दवाखान्यापुढच्या बाकड्यावर माणसं गालाला हात लावून बसलेली दिसतात. कुणाच्या किडक्या दाढेत हुरड्याचं फोलपट जाऊन बसलेलं असतं. कुणी बोराची बी दाताखाली फोडलेली असते. कुणाची दातावरची कॅप रेवडीला चिकटून निघालेली असते आणि तो गृहस्थ ती रेवडीसकट कागदात गुंडाळून घेऊन येतो. ऊस तर लोक अजून दातानंच सोलतात. घरात चाकू असतो, पण चाकूनं सोललेल्या उसाला म्हणे चव नसते.

आज सकाळी पहिल्याच पेशंटच्या तोंडात आरसा घातला आणि मास्कच्या आत मला भाजल्या ज्वारीचा वास आला. आमच्याकडं सकाळच्या तोंडाला लसणाच्या चटणीचा वास असतोच, पण त्यामागून तो धुराचा, ओल्या दाण्याचा गोड वास. मी म्हटलं, "काय भाऊ, दाढ दुखत असताना हुरडा?" तर ते तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाले. माझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून दोघांचं बोलणं मलाच बोलावं लागतं. ही सवय घरीही गेलेली नाही, असं घरचे म्हणतात.

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा माझ्या भावाची मुलगी, बारावीला आहे, मेडिकलच्या परीक्षेची तयारी चाललीय. तिनं इकडचं-तिकडचं काही न विचारता एकदम विचारलं, "आत्या, खरं सांग हं. मला मार्क कमी पडले आणि दाताचं मिळालं, तर घेऊ का? लय टेन्शनचं काम असतं का? का समाधान मिळतं?"

माझ्या एका हातात सुई होती. मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते." संध्याकाळ झाली. दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढून बसलेय आणि अजून सांगितलेलं नाही. दाढ हलत असली की चिमट्यात धरायला सोपी असते. हा प्रश्न हलत नाही.

टेन्शन म्हणशील तर आहे बाई. खोटं कशाला सांगू? दाताच्या डॉक्टरकडं कुणी आनंदानं येत नाही. आधी लवंग होते, मग मीठ-हळद होते, मग तंबाखूची गोळी दाढेत दाबून होते. महामार्गावरचा एक ट्रक ड्रायव्हर तर डिझेलचा बोळा दाढेत धरून आला होता. एवढं सगळं हरलं की मग मी. आणि मग एका बैठकीत, एका सुईत, शक्यतो सुईशिवाय, सगळं बरोबर व्हायला पाहिजे. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात काम करणारी पोरं रविवारी गावी येतात. रात्रपाळ्या करून डोळे लाल, गाल सुजलेला. म्हणतात, "म्याडम, उद्या ड्युटी हाय, आजच्या आज जल्दी काहीतरी करा." पू भरलेल्या दाढेला आजच्या आज काय करणार? पण तो माणूस पुन्हा रविवारीच येणार हे मला माहीत असतं. मग आपणच मान वाकडी करून, पाठ मोडून, जेवढं होईल तेवढं करायचं. माझी मान आता डावीकडं पूर्ण वळत नाही. डावीकडून कुणी हाक मारली तर मी अख्खीच्या अख्खी वळते.

आणि भीती! मिशीला पीळ देऊन चारचौघांत मोठ्यानं बोलणारी माणसं माझ्या खुर्चीवर बसली की त्यांचे पाय लटलटा हलतात. एक आजोबा होते. वरचा सुळा काढायचा होता. वरचा दात काढला की डोळा जातो, ही आमच्याकडची पक्की समजूत. मी समजावून थकले. शेवटी ते म्हणाले, "काढा, पण मी डोळा धरून बसतो." आणि खरंच, मी दात काढेपर्यंत त्यांनी तळहातानं उजवा डोळा गच्च दाबून धरला. दात निघाल्यावर हळूच हात काढला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचून पाहिलं आणि म्हणाले, "हाये." दात कागदात बांधून घरी घेऊन गेले. आपल्या देहाचा आहे, कचऱ्यात कसा टाकायचा?

अशा माणसांत टेन्शन येतंही आणि जातंही. हे मला आज कळतं. त्या पहिल्या वर्षी कळत नव्हतं.

पहिलं वर्ष म्हणजे हाच दवाखाना, ह्याच दोन खोल्या, एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला बी-बियाण्यांचं. टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला की माझ्या पेशंटला वाटायचं, हे मशीन आता आपल्या तोंडात येणार. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती. पेंटरच्या मागं उभं राहून, "काना थोडा सरळ कर रे" म्हणत. पाटी सुंदर झाली. पेशंट येईनात. जे यायचे ते सर्दीची गोळी मागायचे. मी म्हणायचे, मी दाताची डॉक्टर आहे. ते म्हणायचे, "मंग खऱ्या डॉक्टर कव्हा होणार?" असा राग यायचा! मी तशी तापट, लपवून काय उपयोग. पण पाहुणे-रावळेही तेच विचारायचे आणि त्यांच्यावर कुठं चिडायचं?

तसल्यात पुण्याहून बोलावणं आलं. कॉलेजातली एक मैत्रीण तिथल्या मोठ्या दवाखान्यात कामाला होती. तिथं जागा निघाली. काचेची दारं, थंड हवा, वेळेवर सुटी, सोबतीला आणखी चार डॉक्टर. "तिथं त्या हायवेवर धूळ खात काय बसलीस?" मैत्रीण म्हणाली. मला पटलं. पण पाटीचा काना सरळ करून घेणारे पप्पा डोळ्यांपुढं आले आणि मी म्हटलं, संक्रांतीनंतर सांगते. घरी सांगितलं. आईला बरं वाटलं. पप्पा म्हणाले, "तुझं काम हाय माय, तूच ठरव." आमच्याकडं लेकीला लाडानं माय म्हणतात. एवढं बोलून ते दवाखान्यापुढं पाणी शिंपडायला निघून गेले. राहा म्हणाले नाहीत, जाही म्हणाले नाहीत. रोज सकाळी मात्र शटर वर करायला माझ्याआधी हजर.

जायचं का राहायचं, एवढाच प्रश्न घेऊन मी त्या हिवाळ्यात त्या खुर्चीशेजारी उभी होते. आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर कौसाकाकू आल्या.

कौसाकाकू म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातल्या भगवानची आई. भगवान पप्पांचा विद्यार्थी. मोटारसायकलवर आईला मागं बसवून घेऊन आला. काकू पदर तोंडावर धरून खुर्चीवर बसल्या. जन्मभर जाळलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावलेली, त्यामुळं हिरड्या गेलेल्या आणि हिरड्यांमागं दात गेलेले. खाली दोनच उरले होते, तेही ढिल्या मेखेसारखे हलणारे. पदर काढायला तयार नाहीत. भगवानला मी बाहेर पाठवलं, तेव्हा पदर खाली आला.

"डाक्टरीनबाई," त्या म्हणाल्या, "कवळी बसवा. पण आधी सांगा, हुरडा खाता येतो का तिच्यानं?"

लोक विचारतात कवळी पडेल का, बोलता येईल का, दिसेल का. हुरड्याचं पहिल्यांदाच ऐकलं. मी विचारलं, "हुरडाच का काकू?"

"आवो, दर साली आगटी मीच लावते." आगटी म्हणजे रानात खड्डा करून गवऱ्या पेटवतात ती. "समद्यायला कणसं भाजून, चोळून मीच देते. पाव्हणे खातेत, लेकरं खातेत, आन् मी नुसती तोंडातलं पाणी गिळत बसते. मागल्या साली सुनंनं मिक्सरमधून काढून देल्ता. त्याला काय हुरडा म्हणतेत? गुरांची आंबोण म्हणतेत त्याला."

मला हसू आलं आणि धास्तीही वाटली. पूर्ण कवळी मी कॉलेजात केली होती, सर शेजारी उभे असताना. एकटीनं ही पहिली. त्यात पुन्हा काकूंचा खालचा जबडा झिजून पार सपाट झालेला. अशा जबड्यावर खालची कवळी टिकवायची म्हणजे ओल्या दगडावर ताट ठेवायचं. मी म्हटलं, येईल खाता. म्हटलं खरं, आणि त्या रात्रीपासून माझं पुण्याचं आणि काकूंच्या हुरड्याचं गणित एकमेकांत गुंतलं. एका बाईला साधा मऊ हुरडा खाऊ घालता येत नसेल, तर इथं बसून मी काय दिवे लावणार? मग पुणं काय वाईट?

दोन दात काढले, जखम भरू दिली. मग मापं. तोंडात गुलाबी लगदा भरून काकू घट्ट डोळे मिटून बसायच्या आणि मी त्यांचं डोकं हातात धरून उभी राहायचे. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा मी पांढरे शुभ्र नमुने पुढं केले. काकूंनी हात झटकला. "एवढे पांढरे? लोक काय म्हणतील, म्हातारी नवरी झाली का? थोडे मळके बघा." मळके बघितले. मग हळूच म्हणाल्या, "म्होरच्या दोघांत जराशी फट ऱ्हाऊ द्या. मपल्या दातांत होती." मी लॅबमधल्या माणसाला फोन करून फट ठेवायला सांगितली. तो म्हणाला, म्याडम, लोक फट बुजवायला येतात. मी म्हटलं, तुम्ही ठेवा.

कवळी तयार झाली. काकूंच्या तोंडात बसवली, आरसा दिला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पदर धरला नाही. तेवढ्यानंच मला भरून आलं. सगळं नीट सांगितलं. रोज लावायची, सुरुवातीला टोचेल, आठ दिवसांनी दाखवायला यायचं, टोचलं तिथं मी घासून देईन. काकूंनी मान डोलावली.

आठ दिवस झाले, काकू आल्या नाहीत. पंधरा झाले. महिना होत आला. पेट्रोलपंपावर भगवान भेटला. मी विचारलं, कशी आहे कवळी? तो म्हणाला, "माय एकदम खूष हाय म्याडम. लय जपती बघा कवळीला." मी सुटकेचा निःश्वास टाकला. आज ते वाक्य आठवलं की कपाळावर हात मारून घेते.

मग ज्वारी हुरड्यात आली. संक्रांत अगदी तोंडावर होती. भगवान गुरुजींना आणि मला बोलवायला घरी आला. "यावंच लागन. मायनं सांगितलंय, डाक्टरीनबाईला घेतल्याबिगर येऊ नको."

स्कूटीवर पप्पा मागं बसले होते. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, डोक्यापेक्षा उंच, सकाळची ओल अजून पानांवर. भगवानच्या मळ्याचा बांध लागला तसे पप्पा माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "तुझी आजी ह्याच रानात काढणीला यायची. हुरडा आम्हालाबी मिळायचा बरं का. बांधाच्या अल्याड उभं ऱ्हायचं आन् वरून पदरात टाकायचे. हाताला हात लागायला नको ना."

मी ब्रेकच दाबला. "आणि आपण तिथंच निघालोय खायला?"

"हाव. कामून?" पप्पा हसले. "जमाना तो गेला. भगवान माझा विद्यार्थी हाय. आन् त्याच्या मायच्या तोंडात तू चांगली दोन-दोन बोटं घालतीस. कुणाचे हायेत म्हणून तिनं इचारलं का कधी? चल, गार व्हील तिकडं."

पप्पांचं असंच. ज्या गोष्टीनं मी आठ दिवस धुमसत राहीन ती ते एका वाक्यात सांगून मोकळे. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की माझ्या खुर्चीवर सगळ्यांची मान एकाच कोनात मागं जाते. ज्यांच्या ओसरीवर आजी चढू शकली नाही, ती माणसं माझ्यापुढं तोंड उघडून, डोळे मिटून, निवांत बसतात. हे मी कधी कुणाला म्हणून दाखवलं नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या पप्पांनाही नाही. पण प्रज्ञा, समाधान म्हणतेस ना, त्यातला मोठा वाटा हा आहे, लिहून ठेव.

आगटी पेटलेली होती. भोवती पोती अंथरलेली. गुळाची ढेप फोडून ठेवलेली, तिळाची चटणी, लसणाची चटणी, दह्याचं गाडगं. काकू निखाऱ्यांत कणसं खोचत होत्या, भाजलेलं काढून तळहातांवर चोळत होत्या, फुंकर मारून फोलपटं उडवत होत्या. हिरवे दाणे वाफाळत पाहुण्यांच्या ताटलीत पडत होते. मला पाहून काकू तोंडभर हसल्या.

तोंडात एकही दात नव्हता.

टोचली असणार. पडत असणार. म्हणूनच दाखवायला आल्या नाहीत, आणि माझं मन राखायला भगवान खोटं बोलला. मी पोत्यावर बसले, ताटली हातात घेतली, आणि हुरड्याचा पहिला घास कसा लागला ते मला आजही सांगता येणार नाही. डोक्यात एकच. संपलं. उद्या पुण्याला फोन करायचा आणि कळवायचं, येते म्हणून. आगटीपलीकडं पप्पा भगवानच्या मुलांना पाढे विचारत बसले होते. त्यांना काही माहीत नव्हतं.

पाहुणे खाऊन पांगले. मी न राहवून विचारलं, "काकू, कवळी टोचते का हो?"

"कशाला टोचन?" त्या चकित झाल्या. "लावलीच न्हाई अजून."

"लावलीच नाही?"

"रोज कामून लावीन? घासून जाईन ना! हुरड्यासाठी केली, हुरड्यालाच लावणार. आज आणलीय बराबर." आणि कमरेची गाठ सोडून त्यांनी एक स्टीलची डबी काढली. डबीत मखमलीचा तुकडा, त्यात माझी कवळी. तिला डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा येत होता की बस्स! महिनाभर लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती. बाई गं! मी बघतच राहिले.

आणि नवल तरी काय करायचं? आमच्याकडं सगळ्यांचं हेच. गाडीच्या सीटवरचा प्लास्टिकचा कागद गाडी विकेपर्यंत निघत नाही. रिमोट पिशवीत घालून वापरतात. चांगल्या कपबशा कपाटात आणि घरचे तुटक्या कानाच्या कपात चहा पितात. चांगली वस्तू म्हणजे जपायची, वापरायची ती साधी. काकूंच्या लेखी कवळी ही घरात आलेली सगळ्यांत चांगली वस्तू होती. हा मान होता आणि मी त्याला अपयश समजत होते. तेव्हापासून कवळी दिली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, पेटीत ठेवायची नाही. माणसं ओशाळं हसतात, म्हणजे बेत तोच असतो.

पण त्या क्षणी कुठलं हसू. काकूंनी कवळी पाण्यात बुचकळून तोंडात घातली. दात आवळले. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुन्हा आवळले आणि काढून हातात घेतली. "टोचून राह्यली बाई. लय टोचून राह्यली." मग एवढासा आवाज करून म्हणाल्या, "जाऊ द्या. मपल्या नशिबातच न्हाई ते." आणि डबी बंद करायला लागल्या.

आता मात्र माझा पारा चढला. "काय जाऊ द्या? नशीब कशाला मधे आणता काकू? नवी चप्पल तरी आधी घरात घालून बघता का नाही?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "लग्नातच घालते. मंग फोड येतेत."

सून पदरात तोंड घालून हसायला लागली. भगवान हसला. मग मीही. आणि हसता हसताच मी उठले. "भगवानभाऊ, आगटी विझू देऊ नका. कणसं ठेवा. आम्ही आलोच." काकूंना स्कूटीवर बसवलं आणि दवाखान्यात आणलं. कवळी चांगली घासून, डांबराचा वास जाईपर्यंत धुतली. तोंडात बसवून बघितली. खाली डावीकडं लाल झालेलं, वर मागच्या कडेला रुतत होतं. घासलं, बसवलं, पुन्हा घासलं. "आता?" "हाये जरासं." पुन्हा. शेजारी टायरवाल्याचा पंप घरघरत होता आणि काकू अजिबात दचकत नव्हत्या. एका क्षणी त्यांनी दात आवळले आणि नुसत्या बसून राहिल्या. मी विचारलं, "टोचतं?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही. बोललं तर काही बिघडेल अशी भीती असावी.

परत आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पप्पा, भगवान, त्याची बायको आगटीभोवती तसेच बसलेले. शेवटची कणसं निखाऱ्यात खोचली होती. काकू सवयीनं आगटीजवळ चोळायच्या जागी बसायला गेल्या. मी त्यांना हाताला धरून पाहुण्यांच्या पोत्यावर बसवलं आणि त्यांच्या जागी मी बसले.

"तुम्हाला येतंय का चोळायला?" काकू म्हणाल्या. बोलताना स आणि च थोडे घसरत होते.

"शिकवा ना."

"हात भाजतेत."

"भाजू द्या."

भाजलेच. वाफाळतं कणीस तळहातात धरून चोळायचं म्हणजे खेळ नाही. अर्धे दाणे मातीत गेले. उरले ते फुंकून काढले, हिरवेगार, धुराचा वास असलेले. ताटली शोधायला मान वळवली, तर काकू म्हणाल्या, "कशाला ताटली, गार व्हील," आणि माझं मनगट धरून हात तोंडाकडं ओढला. माझ्या तळहातावरून त्यांनी हुरडा खाल्ला. त्यांचे ओठ माझ्या तळव्याला लागले.

"दोन्हीकडून चावा," मी म्हणाले. "सावकाश." डॉक्टरकी काही सुटत नव्हती.

काकू चावत राहिल्या. सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. नातही पाढे विसरून बघत होती. घास संपला, काकूंनी गिळला. कवळी जागची हलली नव्हती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला, आणखी. मी दुसरं कणीस घेतलं. तिसरं घेतलं. मधेच एक दाणा कवळीखाली गेला तेव्हा त्या थांबल्या, पाठ करून कवळी काढली, खळखळून चूळ भरली, पुन्हा बसवली आणि पुन्हा हात पुढं. जिंकलो बाई, मी मनात म्हटलं.

"डाक्टरीनबाई," खाता खाताच त्या म्हणाल्या, "पुढल्या साली तुम्ही बसायचं, मी चोळीन. याल ना?"

"येईन की," मी म्हणाले. "मी कुठं जाते?"

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. मी काही ठरवून बोलले नव्हते. हात काळे झाले होते, बोटं पोळली होती, मान दुखत होती, आणि मी कुठंही जात नव्हते. भगवानला, काकूंना त्या वाक्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटायचं काय कारण? आगटीपलीकडं पप्पा मात्र चूळ भरता भरता थांबले. माझ्याकडं बघत राहिले. हिवाळाभर जे त्यांनी विचारलं नव्हतं, ते त्यांना कळलं होतं.

पप्पांनी तांब्या खाली ठेवला, धोतराला हात पुसले, निखाऱ्यातून एक कणीस ओढलं आणि दोन्ही तळहातांवर चोळायला लागले. कसलेले हात, एक दाणा मातीत गेला नाही. फुंकर मारली. मग उठून, आगटीला वळसा घालून माझ्यापाशी आले आणि त्या गरम हुरड्याची ओंजळ माझ्यापुढं धरली.

"खा माय," म्हणाले. "सकाळधरनं तू धड काही खाल्लं न्हाईस."